दत्तूच्या माळ्याची झडती

एकाहत्तरची लढाई संपली आणि मी पायात तोफगोळ्याचा स्प्लिंटर घेऊन देहूरोडला लाइट ड्यूटीवर आलो. हजेरी, चहा, स्टोअरची किल्ली. यात मी तरबेज होतो. एके सकाळी सुभेदारसाहेबांनी बोलावलं.

"नाईक, मोशीला जा. दत्तूच्या घरी. 'मिसिंग'ची तार पोचलीय, आता माणूस पोचला पाहिजे."

"काय बोलू, साब?"

"बोलू नकोस. ऐकून घे."

सिपाही दत्तू माझ्याच सेक्शनचा. धुक्यात गस्तीवर गेला, परतला नाही. प्रेत सापडलं नाही, कैद्यांत नाव नाही.

त्याच्या बायकोनं मला दारातच थांबवून ओळखपत्र मागितलं. "मागं एक जन आला व्हता. म्हनला, तुमच्या मालकास्नी पाहिलंय. जेवला, आन् त्यास्नी देतो म्हनून स्वेटर घेऊन गेला."

ओळखपत्र पाहून तिनं आत घेतलं. तरी तिचा माझ्यावर संशय, माझा तिच्यावर. घरात ती आणि सासू, दोघीच. पण दोरीवर पुरुषाचा ओला सदरा, आणि चुलीपाशी तीन ताटं. तेवढ्यात माळ्यावर काहीतरी सरकलं. गडी पळून आलाय आणि वर दडलाय, असा रिपोर्ट मी मनात लिहूनही टाकला. शिडीखाली जाऊन परेडच्या आवाजात ओरडलो, "सिपाही दत्तू, नीचे उतर."

उतरलं ते मांजर.

आणि परड्यातून त्याची आई धावत आली, हात शेणाने भरलेले. "आला? कुठंय?"

"न्हाई, आत्याबाई," सून म्हणाली. "ह्यांनी उगंच हाक मारली." मग माझ्याकडे वळली. "सदरा मीच धुते. पेटीत कुबट वास येतो. आल्यावर तसला घालतील काय? आन् तिसरं ताट आत्याबाई वाढत्यात."

शत्रूसमोरही मी इतका उघडा पडलो नव्हतो. निघायला वळलो.

"बसा," आई म्हणाली. "सून नवऱ्याचं नाव घेत न्हाई, रीतच हाय. गाव मला बघून गप व्हतं. लढाई झाल्यापासनं दत्तू म्हनून हाक तुमीच मारली. सांगा त्येचं कायतरी."

ऑर्डर मोडली. दत्तू लंगरमध्ये करपलेल्या रोटीवरून कसा भांडायचा, रमीत पानं कशी लपवायचा, माझ्या चालण्याची नक्कल कशी करायचा, सगळं सांगितलं.

"खोटं," सून म्हणाली. "घरी पत्त्याला हात लावत न्हाईत." आणि पदराआड हसली.

पुढे सुट्टीच्या दिवशी मी मोशीला जात राहिलो. कालांतराने सरकारने दत्तूला मृत धरलं. त्या घरात तसं आम्ही कधी म्हटलं नाही.

आजही सेक्शनमधल्या गेलेल्यांची नावं मी मनातल्या मनात घेतो. दत्तूचं शेवटी येतं. ते तेवढं मोठ्यानं घेतो.