दगडाबाईची वस्त्रगाळ सुरखी

दगडाबाईच्या आधी तिच्या आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून चौथी जन्मली तेव्हा बापानं तिचं नाव दगडा ठेवलं. असलं नाव ऐकून मरणानं तोंड वाकडं करावं आणि पुढच्या दाराला जावं, एवढाच त्यातला हेतू. तो साधला, बाई पंचाहत्तरी पार करून गेली. पण नावासारखी ती कधीच नव्हती. तिला सगळं लागायचं. कुणी टाकून बोललं तर लागायचं, कुणी दारातून उपाशी गेलं तर लागायचं, आणि आपल्या हातून काही चुकलं तर दोन दोन दिवस घास उतरायचा नाही. अशा बाईच्या हातून नेमकी सरकारी कामात चूक व्हावी, याला काय म्हणायचं!

माहेर तिचं तेरचं, सासर येरमाळ्यापासून दोन कोसांवर. गावात कुंभारांची सात घरं. नवरा बलभीम चाकावर बसायचा. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा नियम. बाकी माती खणायची, गाढवावरून आणायची, भिजवायची, तुडवायची, खडे वेचायचे, ओली भांडी थापटायची, भाजायला भट्टीचा आवा रचायचा, तेवढं मात्र बाईनं करायचं. एवढं करून घागर कुणाची, तर बलभीमची. दगडाबाई यावर तोंडाला पदर लावून हसायची आणि पुन्हा मातीत हात घालायची.

सासूनं तिला एक रीत लावून दिली होती. घराबाहेर जाणारी वस्तू उजवी असली पाहिजे. करपलेली भाकरी आपल्या ताटात, मधली टम्म फुगलेली पाहुण्याच्या. तिरकं बसलेलं मडकं आपल्या चुलीमागं, सुबक ते बाजारात. आणि नवरात्रातले तुळजापूरचे घट तर सगळ्यांत वर. त्यांची माती वेगळी. तळ्याच्या पोटातून आणलेली, आठ महिने ओल्या पोत्याखाली मुरवलेली. त्या मातीला दगडाबाई कुणाला शिवू द्यायची नाही.

पण पुढं जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली आणि कुंभारांचं कंबरडं मोडलं. लोक मडकी घेईनात. सातही घरं विटा भाजू लागली, आणि विटांना तरी गावात गिऱ्हाईक किती असणार?

अशा दिवसांत, बहुधा एकसष्टच्या हिवाळ्यात, राघवेंद्रसाहेब आले. तुळजापूरच्या एका कारकुनाचा मुलगा, वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगानं काडी, डोळ्यांना जाड चष्मा. गावावरच्या ओढ्याला सरकार दगडी बंधारा बांधणार होतं आणि काम यांच्याकडं होतं. सिमेंट मिळत नव्हतं. अर्ज करा, वाट बघा, पुन्हा अर्ज करा. दुसरा एखादा गप्प बसून पगार घेत राहिला असता. या माणसाच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. चुना आणि भाजलेल्या मातीची भुकटी, म्हणजे सुरखी, यांवर आपले जुने किल्ले, बारवा उभ्या आहेत; पण कुठल्या गावची माती, किती भाजली, किती दळली तर किती ताकद देते, हे या भागात कुणी मोजलेलं नाही. ते आपण मोजायचं. म्हणून त्यांनी अकरा गावांची सुरखी गोळा करायला घेतली. तिचे चुन्यात ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरवायचे आणि पुण्याला प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडायचे. लोक म्हणत, सगळे इंजिनेर बांधायचा पगार घेतात, हा फोडायचा घेतो.

मुकादम कल्याणप्पा रिकामा डबा घेऊन दगडाबाईच्या दारात आला.

"सायबांनी सांगितलंय, तुमची सुरखी हाय तशी डबाभर द्या. तपासायला पुण्याला जायची हाय."

हाय तशी! दगडाबाईनं ते नीट ऐकलं होतं. पण पुण्याला जाणारी, साहेबाच्या हातात पडणारी वस्तू हाय तशी कुणी देतं का? अंगणात विटांचे तुकडे पडले होते, काही कच्चे, काही जळून काळे पडलेले. त्यांच्याकडं तिनं बघितलंही नाही. घटांच्या मातीचे, आव्याच्या बरोबर मध्ये भाजलेले फुटके तुकडे तिनं काढले, चार दिवस घरच्या जात्यावर दळले आणि बलभीमच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले. वस्त्रगाळ, गुलालासारखी मऊ सुरखी. डबा भरला, वर झाकण लावलं, कल्याणप्पाला चहा पाजला. बाकी दहा गावच्या कुंभारांनी आहे तशीच दिली. त्यांना कुणी बोल लावू नये. उलट, शहाणे तेच ठरले.

पाचेक महिन्यांनी राघवेंद्रसाहेब स्वतः घरी आले. तोंडावरून आनंद ओसंडत होता.

"दगडाबाई, अकरा गावांत तुमची सुरखी पहिली! दुसऱ्या नंबरच्या दुप्पट ताकद. बंधारा आता तुमच्याच मातीवर उभा राहणार."

बलभीमची छाती अशी फुगली, की आठ दिवस खाली बसली नाही. सातही घरांना काम लागलं. आवे धडाधडा पेटू लागले. ओढ्याकाठची मिळेल ती माती, मिळेल ते सरपण. भाजलेले तुकडे गाढवांवर लादून कामावर न्यायचे, तिथं बैल जुंपलेल्या दगडी घाण्यात भरडायचे, चुन्यात मिसळायचे. दगडाबाईची लेक विठा बंधाऱ्याच्या खाली, अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या थडीलाच दिलेली होती. चार एकर कोरडवाहू. जावई येता-जाता विचारायचा, "मामी, पानी कवा यायचं?" दगडाबाईला वाटायचं, पाणी आपल्या हातानं लेकीच्या दारात चाललंय.

भिंत छातीएवढी झाली तेव्हाची गोष्ट. दगडाबाई गाढवं मोकळी करत होती, आणि साहेब भिंतीवर हात फिरवत उभे होते. तिला बघून ते खुशीत म्हणाले, "तुमच्या त्या डब्यातल्या भुकटीची जी ताकद आली, तीच धरून मी भिंतीची जाडी ठरवलीय. नाहीतर हातभर तरी जास्त जाड धरावी लागली असती. किती दगड वाचला, किती चुना वाचला!"

दगडाबाई गाढवं तशीच सोडून घाण्यापाशी गेली. साहेबांना वाटलं, बाईला कामाची घाई असेल.

घाण्यातली सुरखी तिला समोर दिसत होती. जाडीभरडी, निम्मी कच्ची, मधूनच काळे खडे. डब्यातली सुरखी वेगळी आणि भिंतीतली वेगळी. साहेबांनी अख्खी भिंत तिच्या त्या चार दिवसांच्या दळणावर तोलली होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला विठाच्या घराचं छप्पर दिसत होतं.

घरी येऊन तिनं बलभीमला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग भडकला.

"सात घरच्या चुली पेटल्यात, आन तू पानी वतायला निघालीस व्हय? चांगली सुरखी दिली, ह्यात काय गुन्हा झाला? गप ऱ्हा!"

"अवं, आपली विठा ऱ्हाती खाली."

"लोकांच्याबी लेकी ऱ्हात्यात. सायेब शिकलेला हाय. तुज्यापरीस त्याला जास्त कळतं."

हे मात्र दगडाबाईला पटण्यासारखं होतं, आणि तिनं ते पटवून घ्यायचा फार प्रयत्न केला. साहेबाला कळत असेलच. पण साहेबाला जे कळलं होतं, ते तिनंच भरून दिलेल्या डब्यातून कळलं होतं! इथं येऊन तिचा विचार दर वेळी अडायचा आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

शेवटी तिनं एक केलं. कुणाला न सांगता दोन गोळे केले. चुना एकाच ढिगातला, माप एकच. एकात जात्यावरची वस्त्रगाळ सुरखी, दुसऱ्यात घाण्यातली. दोन्ही पाण्याच्या रांजणात सोडले. पौर्णिमेला सोडले आणि पुढच्या पौर्णिमेला काढले. असं करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त साहेबांचे ठोकळे पाण्यात बुडालेले दिसले होते, आणि बाईला डोळे होते. त्या महिन्यात भिंत आणखी दोन हात चढली. रोज गाढवं हाकताना ती देवीला विनवायची, की माझे दोन्ही गोळे सारखे निघू देत, मी खोटी पडू दे.

गोळे सारखे निघाले नाहीत. एकावर खिळ्यानं नुसता पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्यात खिळा बोटभर आत गेला.

दोन्ही पदरात बांधून ती कामावरच्या तंबूत गेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. डब्यात काय भरलं होतं, ते पहिल्यापासून सांगितलं. एक शब्द गाळला नाही. साहेब ऐकत गेले आणि पांढरे पडत गेले.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"मालकास्नी. दुसऱ्या कुनाला न्हाय."

"एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"म्या फसवाया न्हाय दिली, सायेब. तुमी पाव्हनं. पाव्हन्याला घरातलं चांगलंच द्यायचं, एवढंच ठावं हुतं मला." मग तिनं रडत रडत उपायही सुचवला. "सातबी घरच्या बाया जात्यावर दळू. समदी सुरखी वस्त्रगाळ करून देऊ."

साहेब खिन्न हसले. "एका डब्याला चार दिवस लागले तुम्हाला. भिंतीला असे हजारो डबे लागतात, दगडाबाई."

त्यांच्यापुढं काय होतं, ते आपण समजून घ्यायला हवं. वरच्या साहेबांनी शाबासकीचं पत्र पाठवलेलं, त्यांचा निबंध पुण्याला गेलेला, जिल्ह्यात आणखी तीन बंधारे याच हिशेबानं व्हायचे ठरलेले. आणि खरी गोष्ट जगात तिघांनाच माहीत, त्यातल्या एकाला गप्प राहायचं होतं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही गोळे नखानं खरवडून बघितले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. डबा मी स्वतः ढिगातून भरायला पाहिजे होता. मुकादमाला पाठवलं, तिथंच चुकलो. तुम्ही जा आता."

साहेबांनी त्याच रात्री वर सगळं लिहून कळवलं आणि दुसऱ्या दिवशीपासून काम बंद झालं. पावसाळ्याच्या आत भिंत उतरवायचा हुकूम आला. राघवेंद्रसाहेबांची चौकशी झाली, बदली झाली, कुठं झाली ते गावाला कळलंही नाही. जाताना ते कुंभारवाड्यात आले नाहीत. दगडाबाईला ते लागलं, पण त्यांनी यावं तरी कोणत्या तोंडानं, आणि हिनं उभं राहावं तरी कोणत्या तोंडानं?

भिंत उतरवताना ती रोज जाऊन बांधावर बसायची. कुणी बोलत नव्हतं तिच्याशी, तरी बसायची. पहार कुठं कशी लागते ते ऐकायची. काही ठिकाणी चुना ओल्या राखेसारखा सुटायचा, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. काही ठिकाणी मात्र पहार टणकन उडायची. गडी घाम पुसत मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "ही शंभर वर्सं हलली नसती, बाई!" असं दोन्ही व्हायचं, एकाच भिंतीत, चार हातांच्या अंतरावर. भिंत पडली असती की उभी राहिली असती, ते त्या ढिगाऱ्यातून कुणालाच सांगता आलं नाही.

सात घरांचे आवे विझले. दोन घरं मजुरीला बार्शीकडं गेली. जावांनी हळदीकुंकवाचं बोलावणं बंद केलं. बलभीम मरेपर्यंत तिला एवढंच म्हणत राहिला, "तुला गप बसायला काय झालं हुतं?" सिमेंट मिळून बंधारा पुन्हा उभा राहिला तो पासष्टला. मधली दोन वर्षं विठाच्या रानात काही आलं नाही. जावई खडी फोडायला गेला, तिथं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्यानंतर पहिल्यांदा विठा माहेरी आली. आई चुलीपाशी होती. विठा उंबऱ्याच्या आत आली नाही, पिशवीही खाली ठेवली नाही.

"माय, एकच इचारते. ती भित पडलीच असती का?"

दगडाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. हो म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं. लेकीला तेवढंच ऐकायचं होतं, आणि तेवढ्या एका शब्दावर ती आत येऊन आईच्या गळ्यात पडली असती.

"मला ठावं न्हाय," दगडाबाई म्हणाली. "ठावं न्हाय, म्हनूनच सांगितलं गं."

आईनं तिच्यासाठी कपात चहा गाळला होता. तो तसाच ठेवून विठा येरमाळ्याच्या गाडीला निघून गेली.