सुलीची झिनिया

गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांची रजा काढून जोगेश्वरीला घरी गेलो, आणि आमच्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा फुलदाणी बघितली. फुलदाणी कसली... औषधाची मोठी बाटली. तिला माझ्या धाकट्या बहिणीनं, सुलीनं, क्रोशाचं झबलं चढवलेलं. आत झिनिया. लाल, केशरी, गुलाबी.

झिनिया माझी होती. म्हणजे बी माझं.

मी इकडे कुन्नूरला चहाच्या मळ्यावर, मॅनेजरच्या बंगल्यात माळी आहे. सातवीत शाळा सोडली, चार नोकऱ्या धरल्या नि सोडल्या, कुठे बूड टिकेना. इथे टिकलं. बाईसाहेबांना रोज सकाळी दिवाणखान्यात ताजी फुलं लागतात. ती लांब देठानं कापायची, खालची पानं काढायची, उंच मागे, बुटकी पुढे अशी भांड्यात रचायची... हे माझं काम. हाताला बरं वाटतं.

म्हटलं, आपल्या घरात पण एकदा असं व्हावं. दसऱ्याच्या आधी बी घरी पाठवलं. चाळीच्या मागे नळापलीकडे दोन हात जागा आहे, तिथे लाव म्हणून आईला लिहिलं.

आईनं लावलं, पण पहिली सगळी फुलं मुंडकी खुडून देवाला वाहिली. मी पत्रातून चिडलो तर शेजारणीकडून उत्तर लिहून घेतलं, "देवाक वाहूची सोडून बाटलीत घालू? फुलांचा लोणचा घालतंस काय रे?" पण झिनियाचं असं आहे, खुडली की ती जास्त फुटते. मी पोचलो तेव्हा ताटवा नुसता पेटला होता.

आणि बाटली निघाली होती, कारण दुसऱ्या दिवशी सुलीला बघायला येणार होते. आधी दोघांनी नकार दिलेला. बाबांची गिरणीतली दोनच वर्षं उरलेली. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पहाटे उठून मी फुलं कापली, नीट रचली. बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं काहीतरी बरं बोलतील.

"माळी म्हणान सांगू नको हां कोणाक. सुपरवायझर म्हण."

मी म्हटलं, बरं.

आता आमच्याकडचा रिवाज तुम्हाला माहीतच आहे. मुलगी बघायला आले की खोलीतलं सगळं मुलीनंच केलेलं असतं. पडदे तिचे, चकल्या तिच्या. मण्यांचा पोपट शेजारच्या काकूंकडून दोन तासांसाठी आणला होता, तोसुद्धा सुलीनंच केलेला. त्यामुळे मुलाची आई बाटलीकडे बघून "अगं बाई, ही फुलं?" म्हणाली, तेव्हा बाबा पटकन म्हणाले, "सुलूचा शौक! लावते पण तीच, रचते पण तीच."

मी दाराशी खुर्ची नसल्यामुळे उभाच होतो.

पोपटाला कुणी काही विचारलं नाही. पण बाईंना फुलांची खरी आवड निघाली. घाटकोपरला त्यांच्या घरापुढे अंगण होतं म्हणे, पण फुलं कापून आणली की दुपारपर्यंत माना टाकायची. "तू कधी कापतेस गं? तयार झालंय हे कसं ओळखतेस?"

सुली खाली मान घालून बसलेली. "वासावरून," म्हणाली.

झिनियाला वास नसतो.

बाई फुलाकडे बघायला लागल्या, मग सुलीकडे. बाबांनी चकल्यांची बशी पुढे सरकवली. तिसरा नकार मला समोर दिसला... आणि मी बोललो. "तिला बोलायला लाज वाटते. देठ खालून धरून हलवायचा. मान लवली तर कच्चं आहे, राहू द्यायचं. ताठ राहिली तरच कापायचं. हिनंच शिकवलंय मला."

"बघा!" बाई खूश. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही काय करता?"

"सुपरवायझर," मी म्हटलं.

जाताना बाईंनी अख्खी झिनिया कागदात गुंडाळून नेली. होणाऱ्या सुनेच्या हातची, म्हणाल्या. आठ दिवसांत होकार आला.

लग्न वैशाखात ठरलं. मी सुलीसाठी साडी घेतली, बाईसाहेबांना विचारून रजा पक्की केली. मग बाबांचं पत्र आलं. मुलाचे काका इकडे नीलगिरीतच चहाच्या कंपनीत आहेत, ते लग्नाला येणार, कुठल्या मळ्यावर म्हणून तुला विचारणार. पुढे लिहिलं होतं, "तुला रजा मिळणार नाही हे आम्ही समजू शकतो."

दोनदा वाचलं. मग जाऊन रजा रद्द केली. लग्नाच्या दिवशी बंगल्यावर पार्टी होती, मी सात भांडी भरली. सगळे म्हणाले, झकास.

साडी पार्सलनं पाठवली. पोचली का, कुणी कळवलं नाही.

परवा, इतक्या महिन्यांनी, सुलीचं पहिलं पत्र आलं. मला वाटलं लग्नाबद्दल काही असेल. तसं काही नव्हतं. सासूबाईंनी अंगण खणून ठेवलंय, रोज विचारतात, कधी लावतेस? दादा, बी पाठव. किती खोल पेरायचं, पाणी किती, पहिला शेंडा कधी खुडायचा, सगळं सोपं करून लिही. वाचून फाडून टाकीन.

आणि खाली, घाईत लिहिल्यासारखं... "पाकिटावर तुझं नाव लिहू नकोस. टपाल सासूबाई घेतात."

बी निवडून ठेवलं होतंच, तिन्ही रंगांतलं सगळ्यात उंच येणारं. दोन पानं सगळं लिहिलं. सुली चांगली लावील, तिचा हात हलका आहे. तिच्या घरात फुलं येतील, तिला कुणी बोलणार नाही, हे खरंच बरं आहे.

पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा कोरी सोडली. पोस्टातला माणूस म्हणाला, नाव राहिलं तुमचं. म्हटलं, असू दे.