चौथ्या सेशनच्या रेकॉर्डिंगमधलं वाक्य

आधीच सांगते, असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांतली मी आहे. शाळेत विज्ञान शिकवते. या सदरातले अनुभव वाचून स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त मीच हसते... त्यामुळे आता तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

आम्ही पुंडलिकनगरात राहतो. माझे मिस्टर शेंद्र्याला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते आणि माझा धाकटा भाऊ दत्ता खुलताबादहून सीताफळं घेऊन बाइकवर येत होते. उतारावर ट्रक आडवा आला. गाडी मिस्टर चालवत होते. त्यांचा हात मोडला, दत्ता जागीच गेला.

तेव्हापासून मिस्टरांनी बाइकला हात लावला नाही. ट्रकचा ब्रेक करकरला की घामाघूम व्हायचे. जेवता जेवता ताट सोडून उठायचे. त्यात माझी आई दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "जावयानंच नेलं माझ्या लेकराला." आमच्या घरचं पाणीसुद्धा घेईना ती. मिस्टर मान खाली घालून ऐकायचे. आणि मी... मी गप्प बसायचे.

शेवटी काउन्सेलरकडे गेलो. मॅडम म्हणाल्या, हा पीटीएसडी आहे, अपघात होऊन गेला पण यांचं मन अजून त्या उतारावरच उभं आहे. उपाय ऐकून मला वाटलं, ही कसली ट्रीटमेंट — डोळे मिटून तो दिवस सांगायचा, आत्ता घडतोय असा. ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. ऐकून ऐकून भीती बोथट होते म्हणे. खरंच फरक पडत होता. फक्त एका जागी अडायचं. ट्रक दिसला की मिस्टर गप्प, आणि मग थेट हॉस्पिटल.

दुसऱ्या कुणी रेकॉर्डिंग ऐकायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. मी ऐकलं. चौथ्या सेशनच्याच दिवशी, भरदुपारी, मिस्टर दाढी करायला गेले होते तेव्हा, त्यांनी स्वतः ऐकायच्या आधी. दत्ताबद्दल ते काय बोलतात, एवढंच मला ऐकायचं होतं.

ट्रकपर्यंत आलं. मग शांतता. आणि त्या शांततेत, "आक्का, तुझा फोन नसता आला तरी मी गेलोच असतो. उगं जिवाला लावून घेऊ नको."

आवाज दत्ताचा होता. तो "उगं" लांबवायचा, तसंच लांबवलं होतं.

त्या फोनचं कुणालाच माहीत नव्हतं. मला सीताफळं खायची हुक्की आली होती. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला उठवणं जिवावर आलं, म्हणून भावाला पिडलं. तो झोपेत म्हणाला, "आज नको ना आक्का, लई कंटाळा आलाय." मी टोमणा मारला, "बहिणीसाठी एवढंसुद्धा होत नाही का तुझ्यानं?" अर्ध्या तासात तो दारात हजर. मिस्टरांना उठवून म्हणाला, "चला दाजी, खुलताबादला चक्कर मारून येऊ." गेलेल्या माणसावर ढकलायला नको, म्हणून जायचं दत्तानंच काढलं होतं, हेसुद्धा मिस्टरांनी आईला कधी सांगितलं नाही.

ते परत आले तेव्हा मी मोबाइल धरून फरशीवर बसले होते. त्यांनी ऐकलं. "हे मी बोललो नाही," म्हणाले. मग हळूच, "कसला फोन?"

मी सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते एवढंच म्हणाले, "आई मला बोलत होत्या, तवा तू तिथंच उभी होतीस."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मॅडमच्या वहीत त्या जागी लिहिलंय, 'दीड मिनिट शांत.' खोलीत तिसरं कुणी नव्हतं. रेकॉर्डिंग ऐकून त्या म्हणाल्या, दत्तानं गाडीवर फोनचं सांगितलं असेल, ती दबलेली आठवण वर येऊन मिस्टरच त्याच्या आवाजात बोलले असतील. मग समोर बसून ते तुम्हाला ऐकू कसं आलं नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी वही मिटली.

आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. आता ती मिस्टरांना जेवायला बोलावते, माझ्याशी बोलत नाही. मिस्टर सुधारताहेत. मीही मॅडमकडे जाते, डोळे मिटून तो फोन पुन्हा पुन्हा सांगते.

उलगडा मला अजून झालेला नाही. आवाज दत्ताचाच होता, हे मी आता स्टाफरूममध्येसुद्धा मान्य करते. पण तो जे म्हणाला, त्यावर विश्वास बसत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून तो लहानपणापासून खोटं बोलत आलाय.