गोधडीतले सॅमन

आधीच सांगतो, या प्रकरणात माझा हेतू अगदी शुद्ध होता. बायकोला हे अजून पटत नाही, पण तुम्ही चहा घ्या आणि तुम्हीच ठरवा.

इथे अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँटच्या शाळेत माझ्या मुलीच्या, तन्वीच्या वर्गात सॅमन माशांची अंडी आली. मुलांनी ती सांभाळायची आणि पिल्लं जरा मोठी झाली की नदीत सोडायची. टाक्या दोन होत्या. ख्रिसमसच्या सुट्टीत एक टाकी वर्गाच्या बाई, मिसेस कूपर, घरी नेणार होत्या. दुसरी कोण नेणार?

मी हात वर केला. करणारच ना! तासगावला आमची पोल्ट्री होती. बल्बखाली अंडी उबवण्यात माझं लहानपण गेलंय. "आय नो इन्क्युबेशन," असं मी इतक्या ठसक्यात म्हणालो की बाईंचं पुढचं बोलणं राहूनच गेलं. टाकीला जोडलेल्या मशीनला हात लावू नका, एवढंच म्हणाल्या. सुट्टी संपली की सगळा वर्ग मिळून अंडी फुटताना बघणार होता, आणि आपल्या टाकीला काही होऊ देणार नाही असं तन्वीने वर्गाला प्रॉमिस केलं होतं.

टाकी गॅरेजमध्ये ठेवली. आत बुंदीच्या टपोऱ्या कळ्यांसारखी केशरी अंडी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. डोळे होते ते! मी कौतुकाने पाण्यात बोट घातलं आणि शहारलोच. मशीन बघतो तर ते चक्क पाणी गार करत होतं.

आता मला सांगा, इन्क्युबेशन म्हणजे काय? उबवणं. आणि उबवणं म्हणजे? ऊब देणं! शब्दातच सगळं आलं की नाही? मला वाटलं, बाईंनी गडबडीत उलटं बटण दाबलंय.

मी गारवा थोडा कमी केला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. अंड्यांतली वळवळ वाढली तशी माझी कॉलर ताठ झाली. मग आईने शिवलेली गोधडीही टाकीभोवती गुंडाळली.

"बाबा, दे आर फिश," तन्वी म्हणाली. "फिश डोन्ट नीड अ गोधडी."

"अंडं ते अंडं," मी म्हणालो.

सुट्टी अर्धी उरली असताना एका सकाळी अंडी फुटली. मी पेढे आणायच्या गोष्टी करतोय, आणि तन्वी टाकीपाशी बसून रडतेय. वर्गाला आता काय सांगायचं? त्यात काही पिल्लांची पाठ वाकडी होती. एक तर जागच्या जागी भिंगरीसारखं फिरत होतं. ते बघून मात्र पेढ्यांचा विषय मी तिथेच सोडला.

शाळा उघडली. बाईंच्या टाकीत अंडी अजून शांत झोपलेली. आमची टाकी बघून बाई रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो, तर त्यांनी चष्मा चढवला आणि पिल्लं निरखायला भिंगच काढलं. किती तापवलंत, का तापवलंत, सगळं विचारलं. मी त्यांना 'उबवणे' शब्द समजावून सांगितला.

मग त्यांनी मला समजावलं. सॅमनचं अंडं गार पाण्यात सावकाश वाढतं. पाणी तापलं की शरीर घाई करतं आणि हाडांना तो वेग झेपत नाही. अशी थोडी पिल्लं एरवीही निघतात, पण उबेत जास्त. सॅमनची शेती करणारे म्हणूनच पाण्याच्या डिग्रीला जिवापाड जपतात. मी सगळं ऐकून घेतलं आणि ओशाळून गोधडीबद्दलही कबूल केलं.

"ओह, दॅट वॉज परफेक्ट," बाई म्हणाल्या. गोधडीने उजेड अडवला आणि उरलासुरला गारवा धरून ठेवला म्हणे!

तन्वीवर वर्गात कोणी चिडलं नाही. दुसऱ्या टाकीतली अंडी सगळ्यांनी मिळून फुटताना बघितली, वर दोन टाक्यांची तुलना करायला मिळाली. सायन्स फेअरमध्ये त्यांच्या बोर्डासमोर ही गर्दी! मीही कॅमेरा सरसावून पुढे घुसलो.

बोर्डावर तन्वीच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: सारखं काय ठेवलं? अंडी, पाणी, टाकी. काय बदललं? तापमान. कशामुळे बदललं?

त्यापुढे माझा फोटो होता. गोधडीसकट.