शेवंतीचा मंगळवार

पेणजवळच्या जोह्याहून मी बेंगळुरूच्या नोकरीसाठी निघाले त्या सकाळी आमच्या मूर्तींच्या कारखान्यात पीतांबरांचा पिवळा रंग वाळत होता. आईचे हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे, म्हणून तिने मला जवळ घेतले नाही. मनगटानेच माझी बट मागे सारली. "जा गो बाय, एसटी चुकंल." आमची कुत्री शेवंती मात्र रिक्षामागे धावत सुटली. वळणावर ती दिसेनाशी झाली, तेव्हा मला वाटले, परतली असेल.

ती परतली नव्हती. हमरस्त्यावर एका टेम्पोने तिला उडवले, हे मला बेंगळुरूला महिन्याभराने कळले. मागचा पाय कापावा लागला, हे त्याही नंतर. आता ती रोह्याजवळच्या एका प्राण्यांच्या आश्रयस्थानात असते. कंबर अधूच राहिली. रोज उचलून न्यावे लागते, घासटून झालेल्या जखमा धुवाव्या लागतात. म्हणून ती कुणाला द्यायची नाही, जन्मभर तिथेच सांभाळायची, असे तिथल्या लोकांनी ठरवले.

गाव सोडलेल्या मैत्रिणींनो, मला त्या मुक्या जिवाचा हेवा वाटू लागला. चार वर्षांत मी तीन फ्लॅट बदलले. दर वेळी पडद्यांची मापे नवी, शेजारच्या फोडणीचा वास नवा. तिला मात्र कायमची जागा, आणि दर मंगळवारी भेटायला येणारी माझी आई. कॉलेजात असताना पुण्याच्या वसतिगृहात मी तापाने फणफणले होते, तेव्हा "सीझन हाय गो" म्हणून न आलेली आई आता ऐन गणपतीच्या तोंडावर ब्रश खाली ठेवून पेणहून रोह्याची गाडी पकडते. मी फोनवर प्रमोशनची बातमी द्यावी आणि तिने शेवंतीने किती भात खाल्ला ते सांगावे.

यंदा गणपती गेल्यावर मी तिला दोन महिन्यांसाठी बोलावले. "मंगळवारचं कसं होयाचं?" एवढेच ती म्हणाली. मी रजा टाकून आले. तिला घेऊनच जायचे, या हट्टाने तिच्यासोबत रोह्याला गेले.

तिथे फिनेलचा, ओल्या पोत्यांचा, शिजत्या कण्यांचा वास होता. कुत्र्यांना सांभाळणाऱ्या हिराताई मला न्याहाळत हसल्या. "हीच व्हय बेंगलोरवाली? तुमच्या आयच्या तोंडात सारखी तुम्ही, न् हातात ही!"

खरेच होते ते. आई पोत्यावर बसून शेवंतीच्या कंबरेला तेल चोळत होती. ज्या अंगठ्याने ती मूर्तीच्या गालावरची चीर पुसते, तोच अंगठा, तीच हळुवार गोलाई. मी विचारले, "माझ्यासाठी कधी आली होतीस एवढ्या वेळा?"

आईचा हात थांबला. "पाय टेंपोनं मोडला, गो. गेला तो माझ्यामुलं." ती शेवंतीकडेच पाहत होती. "डॉक्टर नव्हता त्या दिवशी. मला वाटलं, एवढे देवाचे हातपाय जोडतो आपण. काथ्या गुंडाळला, वरून कारखान्यातलं प्लास्टर थापलं. घट्ट बसलं. ती रडत व्हती, मी म्हटलं, दुखतंय म्हणून रडते. तिसऱ्या दिवशी वास आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्यामागं धावली ना ती. तू सगलं तुझ्यावर घेतलं असतंस. नवी नोकरी तुझी."

हिराताई भांडी उचलून निघून गेल्या. मी त्याच पोत्यावर आईशेजारी बसले.

"बसलीस काय? धर हिला. कंबर खाली नको जाऊ देऊ," आई म्हणाली. मी धरले. तेलाने निसरडे, ऊबदार ओझे माझ्या मांडीवर टेकले; शेवंतीने मात्र मान आईकडेच वळवली.

परतीचे तिकीट मी एकटीचेच काढले. हेवा गेला, असे म्हणणार नाही. पण घर म्हणजे काय, असे आता कुणी विचारले, तर मला जोह्याचे दार आठवत नाही. आठवते ते पोते, जिथे आईचा हात आधी दुसऱ्या कुणाचा असतो आणि तरीही शेजारी बसायला मला जागा असते.