सोन्याच्या खाणीतला रामण्णा

मी दगडावर हातोडीने दोन ठोके दिले आणि थांबले. कमरेपर्यंत दरडीत गाडली गेले होते. डोळ्यांत माती, तोंडात माती. शेजारी शेवंता होती. ती दिसत नव्हती, पण तिचा हात माझ्या हाताला लागला आणि तो गरम होता. मी पुन्हा दोन ठोके दिले. बाहेर माणसं ओरडत होती. मग सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा मला कळलं की रामण्णा आलाय.

ठोके त्यानेच शिकवले होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दिघ्याच्या डोंगरात तेव्हा दगडाच्या खाणी चालायच्या. नवरा वारल्यावर मी जालन्याकडून तिथे खडी फोडायला आले. शेवंता माझ्याच गावची. रामण्णा साठीचा, झोपडीत एकटा. रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी तो पहारीने कडा ठोकत फिरायचा आणि कान लावून ऐकायचा.

"खण्ण वाजला तर बस, अक्का. भद वाजला तर लांब हो."

लोक हसायचे. मुकादम रोज विचारायचा, "काय शेठ, आज किती तोळे?"

कारण रामण्णा सोन्याच्या खाणीवर जन्मलेला. धारवाडच्या पलीकडे कुठेतरी गोऱ्या साहेबाने ती काढली होती. त्याचा बाप तिच्यात उतरायचा. सोनं कमी निघायला लागलं तशी साहेबाने यंत्रं उचलली आणि तो गेला. तिथे आता काय आहे, असं मी एकदा विचारलं. एक उंच धुराडं, छप्पर नसलेला बंगला, आणि दळलेल्या दगडाच्या भुकटीची पांढरी टेकडी. तिच्यावर गवत उगवत नाही. गावही उठलं.

"बापाने सोनं पाहिलं होतं का?"

"नाय अक्का. सोनं साहेब बघायचा. बापाने दगड बघितला."

खाण बंद झाल्यावर गावातले लोक चोरून जुन्या बोगद्यात उतरायचे, उरलंसुरलं खरवडायला. एकदा रामण्णाचा भाऊ आणि आणखी दोघे आत अडकले. तिथली रीत अशी की अडकलेल्यांनी जितके जिवंत तितके ठोके द्यायचे, थांबायचं, पुन्हा द्यायचे. तीन ठोके येत होते. पण वर बायका रडत होत्या, पुरुष ओरडत होते, आणि आवाज कुठून येतोय ते कुणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी दोन आले. संध्याकाळी एक. मग नाही.

हे त्याने जेवणाच्या सुट्टीत इतक्यांदा सांगितलं की आम्हाला कंटाळा यायचा. दुसरं कोणी त्याचं ऐकत नव्हतं. आम्हीही फार ऐकत होतो असं नाही.

त्या दिवशी सकाळी त्याने कडा वाजवला आणि मुकादमाला सांगितलं, इथं पोकळ आहे. मुकादमाने लक्ष दिलं नाही. मग तो आमच्याकडे आला. म्हणाला, आज कड्याखाली जेवायला बसू नका. ऊन फार होतं आणि सावली तेवढीच होती. मी म्हटलं, "रामण्णा, तुमच्या सोन्याच्या खाणीचं इथं नका सांगू." शेवंता उठायला लागली होती. मीच तिला बसवलं.

दरड कोसळल्यावर कान लावून त्याने आमची जागा बरोबर धरली. पहार लावू दिली नाही, हाताने दगड काढायला लावले. माणूस जाईल एवढं भोक झाल्यावर तो आत सरपटला. माझे पाय मोकळे केले आणि काखेत धरून मला बाहेर दिलं. वरून माती गळत होती. मुकादमाने त्याचा दंड धरला, आता आत जाऊ नको म्हणाला.

"दोन ठोके आलेत," रामण्णा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "अक्का, ती जिवंत हाय?"

मी सांगितलं, हात गरम आहे.

तो पुन्हा आत गेला. पाय दिसेनासे झाले आणि कडा बसला.

दोघांना काढायला दुसरा दिवस उजाडला. शेवंताच्या डोक्यावर दगड पडला होता. डॉक्टर म्हणाले, ती पहिल्या दरडीतच जागच्या जागी गेली असणार. हात गरम म्हणजे माणूस जिवंत, असं मी धरलं होतं. त्या उन्हात दगडसुद्धा गरम होते.

शेवंताला न्यायला तिचा भाऊ आला. रामण्णासाठी कुठे कळवायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं आम्हीच केलं, आम्ही चार-पाच जणं.

त्या दरडीत तिघं सापडलो. त्यातली मी वाचले.