टेकडीवर गाव, तळ्यावर माय

सुनामी आली तर गावकऱ्यांना सोबत घेऊन गाव कसं हलवायचं, याचं प्रशिक्षण घ्यायला शाळेनं मला कोकणात पाठवलं. आमचं गाव जाफराबादजवळ, समुद्रापासून शेकडो मैल आत. बाकीचे मास्तर वेळेवर आजारी पडले, म्हणून मी गेलो.

परत आलो आणि पारावर बैठक लावली.

"गुरुजी, समुंदर कधी निघून राह्यला तिकडून?" शेजारच्या काकांनी विचारलं. "त्याच्या जेवायचं बघावं लागंल." पार हसला.

मी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याकडं बोट केलं. तळं काठोकाठ, भिंत पाझरत होती, पाऊस थांबत नव्हता. हसणं आपोआप विरलं.

मारुतीची घंटा झाली की सगळ्यांनी खंडोबाच्या टेकडीवर जायचं, असं ठरलं. कोणत्या म्हाताऱ्याला कोण नेणार, तेही लोकांनीच ठरवलं. मी खूश.

सरावाच्या सकाळी घंटा झाली. काकांच्या वडलांना पाठीवर घेऊन मी धापा टाकत वर पोचलो. आजोबा खाली उतरले, धोतर झटकलं.

"गुरुजी, तुमची माय कुठंय?"

तिला कोण आणणार, हे ठरवायचंच राहिलं होतं. घरचं माणूस, येईल म्हटलं. वळून पाहिलं तर माय आणि गावातल्या निम्म्या बायका तळ्याच्या भिंतीवर, हातात नारळ आणि खण. त्यांच्यापर्यंत एवढंच पोचलं होतं की तळं भरलं म्हणून घंटा होणार. आणि तळं भरलं की आमच्याकडं त्याची ओटी भरतात.

मी पळालो. वाटेत चिखलात दोनदा आडवा झालो.

"माय, चल. भिंत फुटंल."

"आधी ओटी. मंग पळू."

"आपलं ठरलंय तसं न्हाई."

"ठरवताना पारावर बाई कोण होती रे? मला इचारलं कुणी?"

कुणीच नाही. पारावर पुरुष बसले की बायका तिकडून पदर सावरून निघून जातात, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी बैठक तिथंच लावली.

दुसरी बैठक आमच्या अंगणात झाली. बायकांनी ठरवलं : ओटी टेकडीवरून, तळ्याकडं तोंड करून भरायची. नारळ आधीच खंडोबापाशी ठेवायचे.

आज सकाळपासून पुन्हा झड लागली आहे. तिसऱ्यांदा भिंत बघून आलो. ओल वाढलीय की मलाच तशी दिसतेय, कळत नाही. घरी आलो तर माय पिशवी भरून दारात.

"चल, घंटेच्या आधीच जाऊन बसू."

"पाठीवर घेतो की."

"नगं. तू पडतो."